मबरूकाची वैरण

मला राग लवकर येतो, आणि राग आला की तोंडातून मोठमोठ्या गोष्टी बाहेर पडतात. गंगू, म्हणजे आमची मंडळी, लग्नानंतर महिन्याभरातच म्हणाली होती की तुमच्या जिभेला दावं पाहिजे. ते दावं काही मिळालं नाही. त्यामुळं बहारीनमध्ये, बारबार गावातल्या एका खजुराच्या बागेत मी काय करून बसलो ते आता सांगतो. लपवून काही ठेवणार नाही. एकदा लपवून बघितलं, तेवढं पुरे झालं.

मी विठ्ठल. गाव आटपाडीच्या बाजूचं. इथं हाजी नजीब यांच्या बागेत मला एकोणीस वर्षं झाली. इथले कामगार मालकाला बाबा म्हणतात, तसं मीही म्हणतो. पण माझ्या तोंडी तो शब्द नुसता रीतीचा राहिलेला नाही. बाबा ऐंशीला टेकलेत. साखरेनं डोळे गेले, आता फक्त उजेड आणि सावली कळते. तरुणपणी मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मुंबईच्या व्यापाऱ्यांच्यात वावरलेले, त्यामुळं हिंदी झकास. आम्ही दोघं हिंदी बोलतो, मध्ये मध्ये अरबी. भांडतोही त्याच भाषेत.

गोठ्यात तीन गाई आणि आठ शेळ्या. थोरली गाय मबरूका. सकाळची नमाज झाली की बाबा भिंतीला हात लावत लावत गोठ्यात यायचे, मबरूकाच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि तिथंच खुर्ची टाकून बसायचे. त्यांची बीबी गेल्यापासून त्यांचा दिवस गोठ्यातच सुरू व्हायचा आणि बराचसा तिथंच संपायचा. मागच्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, मबरूका गाभण राहिली. या वयात राहील असं कुणाला वाटलं नव्हतं. बाबा तर लहान पोरागत झाले होते. रोज तिच्या पोटाला तळवा लावायचे आणि मला विचारायचे, आज हललं का. मी म्हणायचो, बाबा, तिसऱ्या महिन्यात कसलं हलतंय.

अडचण वैरणीची होती. बागेत एक तुकडा जेतचा होता. जेत म्हणजे आपला लसूणघास. पण बोअरचं पाणी वर्षागणिक खारं होत गेलं. वाफ्यांवर मिठाचा पांढरा थर यायला लागला आणि जेत जळत गेली. मग जहाजातनं येणारे चाऱ्याचे गठ्ठे आणायचे. ते कधी यायचे, कधी यायचे नाहीत, आणि आले तरी त्यात अर्धी काटकी.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी बाबांचा मुलगा जासिम जेवायला आला. जासिम सीफमधल्या एका ऑफिसात मोठ्या पदावर आहे, राहतो अमवाजला. माणूस वाईट नाही. आठवड्यातनं एकदा न चुकता येतो, बापाची नखं स्वतःच्या हातानं कापतो. जेवण झाल्यावर तो शांतपणे म्हणाला की आता हे झेपत नाही, रमजानच्या आधी जनावरांच्या व्यापाऱ्याचा ट्रक बोलावतो, गोठा बंद करू. बाबांनी हातातला खजूर परत ताटात ठेवला, आणि ताट कुठं आहे ते नीट न दिसल्यामुळं तो खाली पडला.

ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहा घेऊन उभा होतो, मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी बोललो. म्हटलं, सगळ्या गावात लोक शेंगा तोडून झाल्या की लुबियाचे वेल उपटून बाहेर फेकतात. लुबिया म्हणजे आपली चवळी. आमच्या मुलखात चवळीचा पाला, मटकीचं भुसकट, भुईमुगाचे वेल यावरच जनावरं जगतात, दूध देतात, वितात. तुम्ही सोनं उकिरड्यावर टाकता आणि जहाजाची वाट बघत बसता. मला परवानगी द्या, एक गठ्ठा विकत न आणता ही जनावरं उन्हाळ्यापर्यंत जगवून दाखवतो.

जासिमनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, ठीक. उन्हाळ्यापर्यंत जगवलंस तर गोठा राहील, मी परत विषय काढणार नाही. पण रमजान जवळ येईपर्यंत जमण्याची चिन्हं दिसली नाहीत, तर त्याआधीच ट्रक येईल. बाबा म्हणाले, "इंशाल्ला." मी म्हटलं, "बाबा, इंशाल्ला नको. होय म्हणा." बाबा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले होते ते.

आता एक गोष्ट सांगतो, जी तेव्हा मी कुणाला सांगितली नव्हती. आमच्या घरची वैरण मी कधी रचलेलीच नाही. म्हणजे वाहून आणली, गंज लावताना खालनं भारे फेकले, वर चढून तुडवलं, हे सगळं केलं. पण वेल कधी उपटायचे, किती दिवस वाळवायचे, कुठला भारा कुठं लावायचा, हे माझी आई बघायची, आणि आई गेल्यावर गंगू. मी एकतीस वर्षांचा असताना घर सोडलं आणि इकडं आलो. इथं येऊन मात्र शेतकरी म्हणून मिरवलो. इथल्या पोरांना वाटायचं, विठ्ठलभाईला जनावरातलं सगळं कळतं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

शेजारच्या बागेत संदेश म्हणून गुहागरकडचा एक जण कामाला आहे. मला घाटी म्हणतो, मी त्याला भातखाऊ म्हणतो, असं आमचं चालतं. त्याची हातगाडी घेतली आणि गावातल्या सहा-सात बागांमधनं वेल गोळा केले. लोक उलट खूश, त्यांचा कचरा फुकट उचलला जात होता. चार दिवस वेल उन्हात पसरले. वरनं कुरकुरीत झाले. पान गळायच्या आत गोळा करायची घाई, कारण चवळीच्या वैरणीत पाल्याचाच जीव असतो, दांडक्यात काही नसतं. हे मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं.

गोठ्यामागं मी गंज लावली. चांगली पुरुषभर उंच. आमच्याकडं लावतात तशी, घट्ट, थरावर थर, प्रत्येक थर पायानं तुडवून. वरनं निळी ताडपत्री, चारी बाजूंनी दोरीनं आवळलेली. संदेश बघायला आला. तो म्हणाला, एवढी आवळू नको, इथं पहाटे धुकं उतरतं, भिंतींनासुद्धा घाम येतो, कोकणात आम्ही पेंढ्याच्या उडवीला खालनं वारा ठेवतो. मी म्हटलं, तुझ्या कोकणात भाताचा पेंढा, तुला वैरणीतलं काय कळायचंय. गप्प चहा पी. तो बिचारा चहा पिऊन गेला.

आमच्या मुलखात डिसेंबरची हवा अशी कोरडी असते की ओठ फुटतात. तिथं चार दिवस वाळलेला वेल आवळून ठेवला तरी काही होत नाही. बारबार समुद्राला लागून आहे. तिथल्या हिवाळ्यात सकाळी ताडपत्रीवरनं पाण्याचे ओघळ येतात. मी एकोणीस वर्षं ते ओघळ रोज बघत होतो. तरी गंज लावताना माझ्या डोक्यात आटपाडीचीच हवा होती.

महिन्यानं गंज उघडली. बाहेरचे भारे मस्त होते, हिरवट, चांगल्या वासाचे. बाकीच्या दोन गाई आणि शेळ्या त्यावर तुटून पडल्या. बाबा खुर्चीवर बसून त्यांच्या चावण्याचा आवाज ऐकत होते. मबरूका गाभण, म्हणून तिच्यासाठी मी गंजीच्या पोटातले भारे काढले. आतला पाला गळत नाही, तिथं पान जास्त. सगळ्यात चांगलं ते तिला, असा हिशोब. आतला भारा ओढला तर पांढरी भुकटी उडाली. वासही जरा कुबट आला. मी मनाला सांगितलं की मीठ आहे. त्या बागेत सगळीकडं मीठच तर होतं, वाफ्यांवर, पाटात, खजुराच्या बुंध्याला. मीठच असणार. पण खोटं कशाला बोलू, नाकाला तेव्हाच कळलं होतं.

मबरूकानं हुंगलं आणि मान बाजूला घेतली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर ती एक पाऊल मागं सरली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. बाबांनी विचारलं, बाकीच्यांचा आवाज येतो, हिचा का येत नाही. मी म्हटलं, नवीन चव आहे, सवय होईल. आणि आतून मला तिचाच राग आला. अगं बाई, तुझ्यासाठी एवढी मरमर केली, सगळ्यांसमोर बोलून बसलो, आणि तूच नखरे करतेस.

आमच्याकडं जनावर वैरणीला तोंड लावत नसेल तर वरनं गुळाचं पाणी शिंपडतात. इथं गूळ कुठला. बाबांच्या कोठीत दिब्सचा डबा होता, खजुराचा काळा दाट पाक. तो मी कोमट पाण्यात कालवला आणि त्या भाऱ्यावर सढळ हातानं ओतला, वरनं कुस्करलं, आणि गव्हाणीत घातलं. तरी ती लगेच आली नाही. मग मी मूठभर हातात घेतलं, तिच्या तोंडापाशी नेलं, गळ्याखाली खाजवलं, इतकी वर्षं तिच्याशी बोलतो तसं बोललो. तिनं माझ्या हातातनं खाल्लं. मग गव्हाणीतलंही खाल्लं. बाबांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, अल्हम्दुलिल्ला.

त्या दिवसापासनं पाच आठवडे मी तिला रोज दिब्स घालून तेच खायला दिलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुपारच्या नमाजेनंतर, मी खजुराच्या झावळ्या तोडत होतो तेव्हा बाबांची हाक आली. माझ्या नावानं एवढ्या मोठ्यानं त्यांनी कधी हाक मारली नव्हती. पळत गेलो. मबरूका गाभडली होती. सातवा महिना. वासरू पूर्ण घडलेलं, अंगावर केसांची लव नुकती धरलेली, खुरं पिवळी मऊ. कालवड होती. बाबा खाली बसले होते आणि हातानं चाचपत होते. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते तिचे कान, तोंड, पाय असं एक एक करून बघत होते. मला विचारलं, श्वास आहे का. मी नाही म्हटलं. तरी ते चाचपतच राहिले.

जासिमनं डॉक्टर पाठवला. सुदानी, शांत, हुशार माणूस. त्यानं मबरूकाला तपासलं, अडकलेला जार काढला, इंजेक्शन दिलं. मग मला विचारलं, चारा काय घालता. मी सांगितलं. त्यानं विचारलं, त्यात बुरशी वगैरे? मी म्हटलं, "मफी." काही नाही. तो म्हणाला, दाखव. मी गंजीच्या बाहेरच्या बाजूचा एक भारा काढून आणला. त्यानं हुंगला, चुरला, मान डोलावली. म्हणाला, चारा उत्तम आहे. गाय म्हातारी आहे, असं होतं कधी कधी.

माझी जीभ, जी कधी जागेवर राहत नाही, ती त्या दिवशी टाळ्याला चिकटून बसली. कारण मला कळत होतं, खरं बोललो की गंज गेली, गंज गेली की वैरण गेली, आणि मग ट्रक येणार. रमजानला दहा दिवस उरले होते.

आणि झालं काय तर सगळं माझ्याच बाजूनं झालं. जासिम संध्याकाळी आला, बाकीच्या गाई बघितल्या, त्यांच्या अंगावर तेज आलेलं त्यालाही दिसलं. म्हणाला, हिचं दुर्दैव, पण तू शब्द पाळतो आहेस, गोठा राहू दे. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अल्लाची मर्जी," ते म्हणाले. "तू स्वतःला त्रास करून घेऊ नको. तू तिला जेवढं केलंस तेवढं मी माझ्या बीबीला नाही केलं." मला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. माणसानं मारलं तर सोसतं, असं गोड बोललेलं सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगूला फोन केला. घरी आमच्या अकरा शेळ्या आहेत, सगळा पसारा तीच बघते. तिला म्हटलं, गाय गाभडली, सहज सांगतो. गंगूला सहज असं काही नसतं. तिनं विचारलं, काय घालत होता. मी सांगितलं. तिनं विचारलं, किती दिवस वाळवली होती, कशी लावली, ताडपत्री कधी कधी काढत होता. मी काढतच नव्हतो. मग ती म्हणाली, "अवो, गंजीत हात घालून बघितला हुता का?"

मी म्हटलं, हात कशाला घालायचा.

"आठ दिसाला कोपरापतूर हात घालायचा. आत गरम लागलं की गंज मोडायची, परत उन्हात टाकायची. तुमची आई घालायची, मी घालते. तुमी कवा बघितलं न्हाई का?"

बघितलं होतं. आईला तसं करताना शंभर वेळा बघितलं असेल. मला वाटायचं, ती वैरण किती उरली ते मापते आहे.

तिनं व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. एका हातात फोन धरून मी दुसरा हात गंजीत खुपसला. आत ऊब होती, आजारी माणसाच्या अंगासारखी. मूठ बाहेर काढली तर सगळी पांढरी, मध्ये काळे ठिपके. ते मीठ नव्हतं. गंगूनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. उबलेली वैरण, ती म्हणाली, गाभण जनावराला विषच. मग तिनं साधासा प्रश्न विचारला: "पर तिनं खाल्लं कसं? आपल्या शेळ्या असल्याला तोंड लावत न्हाईत."

रेंज जाते म्हटलं आणि फोन बंद केला. रेंज चांगली होती.

तिथंच गंजीला टेकून बसलो. मनात भलभलते हिशोब सुरू झाले. आतलं सगळं हळूहळू काढून जाळून टाकावं, बाहेरचं बाकीच्या गाईंना घालावं, कमी पडलं तर कुठनं तरी गोळा करावं. कुणाला कळायचं कारण नाही. डॉक्टरनं चांगलं म्हटलंय, जासिमनं हो म्हटलंय, बाबांनी अल्लावर सोडलंय. माझं पाप कुणी विचारायला येणार नव्हतं. गोठा वाचला होता. बाबा रोज सकाळी येऊन बसणार होते. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

असा बसलेला असतानाच संदेश हातगाडी घेऊन आला. बरोबर बाबा, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. संदेशच्या मालकाच्या दोन शेळ्या गाभण होत्या, आणि बाबांनी आदल्या दिवशी मशिदीत सगळ्यांना माझ्या वैरणीचं कौतुक ऐकवलं होतं. म्हणाले, याला पाच-सहा भारे दे, आतले दे, पाल्याचे, मबरूकाला देत होतास तसले. आणि गंज कशी लावायची तेही शिकव, पुढच्या हंगामात गावातले सगळे लावणार आहेत. संदेश हसत म्हणाला, घाटी जिंकला बाबा, मी उगाच शहाणपणा शिकवत होतो. त्यानं ताडपत्रीची दोरी सोडायला घेतली.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, नको. ही वैरण खराब आहे.

संदेश म्हणाला, बाहेरनं तर झकास दिसते. मी एक आतला भारा ओढून त्याच्यासमोर टाकला. पांढरी भुकटी उडाली, तो खोकला आणि मागं सरला. मी त्याला तिथनं जायला सांगितलं, आणि तो रिकामी हातगाडी घेऊन गेला.

बाबा उभे होते. वास त्यांना आला होता. डोळे गेल्यापासनं त्यांचं नाक फार तेज झालंय. त्यांनी हात पुढं केला, मी त्यातला पाला त्यांच्या हातात दिला. त्यांनी चुरला, हुंगला. बराच वेळ हुंगत राहिले.

"हे तिला घातलं?"

"होय बाबा. पाच आठवडे. गंज मी चुकीची लावली. आत बुरशी धरली. डॉक्टरला मी खोटं सांगितलं."

त्यांनी मान हलवली. चूक होते, असंच काहीतरी त्यांच्या मनात असावं, कारण त्यांचा चेहरा कठोर झाला नव्हता. मी तिथंच थांबू शकलो असतो. चूक माफ झाली असती. पण गंगूचा प्रश्न डोक्यातनं जात नव्हता, आणि तोच प्रश्न बाबांनीही विचारला. त्यांनी एकदा पाल्याकडं तोंड केलं, एकदा गोठ्याकडं.

"मबरूकानं हे खाल्लं? ती तर शिळं पाणीसुद्धा पीत नाही."

"नव्हती खात. तीन दिवस नको म्हणत होती. मग मी वर दिब्स ओतलं. तरी येईना, म्हणून हातानं भरवलं."

मला वाटलं बाबा ओरडतील. ओरडावं अशीच माझी इच्छा होती. त्यांनी हातातला पाला खाली टाकला, तळवे एकमेकांवर झाडले, आणि भिंत चाचपत गोठ्याकडं निघाले. मी आधार द्यायला पुढं झालो तर त्यांनी हात सोडवून घेतला. दारापाशी थांबून म्हणाले, "तिला वास कळला होता, विठ्ठल. दिब्समुळं नाही खाल्लं तिनं. तू देतोयस म्हणून खाल्लं."

त्या दिवशी मी रडलो. बागेच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागं जाऊन. पन्नास वर्षांचा बाप्या माणूस, कुणी बघितलं असतं तर हसलं असतं.

जासिमला मी स्वतः फोन करून सांगितलं. त्यानं डॉक्टरला परत पाठवलं. डॉक्टर म्हणाला, सगळी गंज टाकून द्या, बाहेरचीसुद्धा, धोका नको. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. संदेशनं न बोलावता येऊन दिवसभर माझ्याबरोबर ती गंज मोडली आणि गावाबाहेर नेऊन जाळायला मदत केली. एकदाही घाटी म्हणाला नाही. त्या चवळीचा धूर फार कडू होता.

वैरण नाही, म्हणजे जासिमची अट मोडली. रमजानच्या आदल्या गुरुवारी ट्रक आला. दोन गाई आणि आठ शेळ्या. बाबा ट्रकपाशी उभे राहिले आणि प्रत्येक जनावर चढताना त्याच्या पाठीला हात लावला. शेळ्या चढताना घाईत दोन निसटल्या, त्यांना हात लागला नाही, तर त्यांनी ट्रक थांबवला आणि त्या दोघींना परत खाली उतरवून घेतलं. मग म्हणाले, यल्ला, चला. जासिम बापाजवळ उभा होता. तो मला एका शब्दानं बोलला नाही. माझा व्हिसा चालू ठेव असं बाबांनीच त्याला सांगितलं, असं मला नंतर कळलं.

मबरूकाला कुणी घेतलं नाही. म्हातारी, औषधावर असलेली, पोटात काही नसलेली. ती राहिली.

तिची वैरण मी आता गंगू सांगेल तशी करतो. बाकल्याच्या, म्हणजे इथल्या मोठ्या घेवड्याच्या, शेंगा निघाल्या की त्यांची टरफलं आणि पाला आणतो, खजुराच्या झावळ्यांच्या मांडवावर पातळ पसरतो, सकाळचं दव उडाल्यावर उलटतो, संध्याकाळ व्हायच्या आत खोलीत आणतो. गंज लावत नाही. आठवड्यातनं दोनदा गंगू व्हिडिओवर बघते आणि जे नापसंत ते टाकायला लावते. मी हूं की चूं करत नाही. पण गव्हाणीत वैरण मी घालत नाही. भारा बाबांच्या हातात द्यायचा. ते एक एक मूठ चुरतात, हुंगतात, जिभेलाही लावून बघतात, मग स्वतः तिच्यापुढं ठेवतात. कधी कधी या कामाला त्यांची सगळी सकाळ जाते. माझ्याशी बोलतात, चहा मागतात, पाय दुखतो म्हणतात. वैरणीबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

परवा त्यांना दवाखान्यात न्यायला जासिम लवकर आला. घाईघाईत वैरण घालायची राहिली. मबरूका भुकेली होती, दाव्याला ओढ देत होती. भारा तिथंच ठेवलेला होता, चांगला, वाळलेला, काल गंगूनं बघितलेला. मी एक मूठ उचलली आणि तिच्यापुढं धरली. मला वाटलं ती मागं सरेल. सरली असती तर मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

तिनं हुंगलंसुद्धा नाही. सरळ तोंड पुढं केलं. मी मूठ मागं घेतली, भारा उचलून बाहेर ठेवला, आणि बाबा दवाखान्यातनं येईपर्यंत तिच्याजवळ उभा राहिलो.